पेढीवरचा नवा चोपडा : लॅपटॉपच्या अंतरंगाची ओळख

गेल्या काही वर्षांत दीपावलीच्या चोपडापूजनाच्या पाटावर एक नवा मानकरी दिसू लागला आहे. लाल कापडी बांधणीच्या वहीशेजारी लॅपटॉप मांडलेला असतो आणि त्याच्या झाकणावर कुंकवाचा साथिया रेखलेला असतो. हा मान योग्यच म्हणावा लागेल. कारण बहुतेक पेढ्यांचा खरा हिशेब आता त्या झाकणाखालीच असतो. परंतु वही घेताना आपले वडीलधारे कागद बोटांनी चाचपून पाहत, शिलाई ओढून पाहत, पाने मोजून घेत. लॅपटॉप घेताना मात्र तोच चोखंदळ व्यापारी विक्रेत्याने पुढे केलेली एक ओळ मुकाट्याने मान्य करतो : ‘आय-फाइव्ह, बारावी पिढी, आठ जीबी, पाचशे बारा एसएसडी, फुल एचडी.’ किमतीवर घासाघीस होते, मालावर होत नाही.

वास्तविक ती ओळ म्हणजे मालाचे वर्णनच आहे. तांदळाच्या पोत्यावर जात, वजन आणि हंगाम लिहिलेला असावा, तसे ते. ज्याला बीजक वाचता येते त्याला ही ओळ वाचता येण्यास कोणतीच अडचण नाही. नाती-पुतण्यांच्या भरवशावर हा विषय सोडून देणाऱ्या माझ्या वयाच्या वाचकांसाठी मी हा लेख लिहीत आहे. पेढीच्या पैशाने जी वस्तू घ्यायची तिचे अंतरंग पेढीच्या मालकाला ठाऊक असावे, असे मला वाटते.

दांडी, नवापूर, उच्छेळी, मुरबे ही आमची किनारपट्टी आणि तिच्या पाठीशी बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत. या टापूतील किराणा, कापड, हार्डवेअर आणि औषधांची दुकाने चालवणारी कुटुंबे लॅपटॉप एक तर बोईसर-पालघरच्या बाजारात घेतात, किंवा गाडी धरून ग्रँट रोडला उतरतात आणि लॅमिंग्टन रोड पालथा घालतात, किंवा घरबसल्या मागवतात. वाट कोणतीही असो, शब्द तेच कानी पडतात.

संगणकीकरणापूर्वीची बँकेची शाखा ज्यांनी पाहिली आहे त्यांना लॅपटॉप समजावणे सोपे जाते. सकाळी तिजोरीच्या खोलीतून जाडजूड लेजरे बाहेर निघत आणि काउंटरवरच्या मेजांवर मांडली जात. कारकून त्या मेजावर नोंदी करी. संध्याकाळी सर्व लेजरे पुन्हा आत जात आणि खोलीला दोन किल्ल्यांचे कुलूप लागे. यातील कारकून म्हणजे लॅपटॉपचा प्रोसेसर, मेज म्हणजे रॅम आणि लेजरांची खोली म्हणजे स्टोरेज. ‘जीबी’ हे एकच माप मेजालाही लागते आणि खोलीलाही, इथेच बहुतेकांचा घोळ होतो. ‘आठ जीबी’ ही रॅम असते, ‘पाचशे बारा जीबी’ हे स्टोरेज.

कारकून किती आणि कोणत्या काळचा

प्रोसेसरच्या वर्णनात ‘कोअर’ हा शब्द येतो. एक कोअर म्हणजे एक कारकून. ‘गिगाहर्ट्झ’ म्हणजे त्याच्या हाताचा वेग. पण आजच्या प्रोसेसरमध्ये सर्व कारकून सारखे नसतात. इंटेलच्या आय५-१२३५यू या प्रोसेसरात दहा कोअर आहेत, हे खरे. त्यांपैकी दोन दमदार आणि आठ काटकसरी आहेत. काटकसरी कोअर हलकी कामे थोडक्या विजेवर उरकतात. म्हणून ‘दहा कोअर’ ऐकून एकदम भारावून जाऊ नये.

त्याच क्रमांकातील आरंभीचे ‘१२’ ही पिढी आणि शेवटचा ‘यू’ हा विजेच्या खर्चाचा वर्ग. ‘यू’ असलेला प्रोसेसर कमी वीज खातो, कमी तापतो. ‘एच’ असलेला अधिक जोरकस पण अधिक तापणारा. हिशेब, बिले, जीएसटीची विवरणपत्रे यांसाठी ‘यू’ पुरेसा होतो. अभियांत्रिकी किंवा आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलामुलींना ‘एच’ लागू शकतो. ‘आय३, आय५, आय७’ ही केवळ प्रतवारी आहे आणि ती त्या-त्या पिढीपुरतीच खरी धरावी. सातव्या पिढीचा आय७ आणि बाराव्या पिढीचा आय३ समोर ठेवले तर नावाने मोठा असलेलाच मागे पडण्याचा संभव अधिक. २०२४पासून इंटेलने अनेक नव्या प्रोसेसरांच्या नावातील ‘आय’ काढून टाकला आहे, त्यामुळे ‘कोअर ५’ किंवा ‘कोअर अल्ट्रा ५’ अशी नावे दिसली तर ती बनावट समजू नयेत.

एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या रायझन प्रोसेसरांत एक मौज आहे, आणि व्यापाऱ्याने ती अवश्य लक्षात ठेवावी. ‘रायझन ५ ७५२०यू’ या नावातील पहिला ७ हा अंक त्या मालिकेचे वर्ष सांगतो, म्हणजे २०२३. परंतु आतील रचना कोणत्या काळची हे तिसरा अंक सांगतो. येथे तो २ आहे. म्हणजे ‘झेन २’ ही २०१९ साली आलेली रचना. नव्या वेष्टनातला जुन्या हंगामाचा माल! कंपनीने हे लपवलेले नाही, आपल्या नामपद्धतीत उघड सांगितले आहे. असा लॅपटॉप दुकानाच्या बिलांना चालतोही. फक्त त्याचे दाम जुन्या हंगामाचे द्यावेत.

मेज आणि खोली

मेज लहान असेल तर कारकून कितीही चपळ असो, एक लेजर ठेवल्याशिवाय दुसरे उघडता येत नाही आणि त्याची सारी दुपार खोलीकडे हेलपाटे घालण्यात जाते. रॅम अपुरी पडली की लॅपटॉपचे नेमके हेच होते. हिशेबाची टॅली स्वतः फारशी जागा मागत नाही. जागा अडवतात त्या ब्राउझरमध्ये उघडून ठेवलेल्या दहा-पंधरा खिडक्या. विंडोज ११ची किमान अट ४ जीबी रॅमची आहे, पण किमान अट ही परीक्षेत उत्तीर्ण होण्याच्या ३५ गुणांसारखी असते. नवा लॅपटॉप घेताना ८ जीबी हा तळ मानावा आणि १६ जीबी मिळत असल्यास ती घ्यावी.

रॅमचा दुसरा स्वभाव असा की वीज गेली की ती सर्व विसरते. मेजावरचे काम ‘सेव्ह’ करणे म्हणजे ते खोलीत नेऊन ठेवणे. स्मरणात धरणे आणि लिहून ठेवणे यांतला हा भेद आपल्या समाजाला नवा नाही. श्वेतांबर परंपरेनुसार वीर निर्वाण संवत ९८० मध्ये (मतांतराने ९९३) वल्लभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम ग्रंथारूढ झाले, ते साधूंच्या स्मरणात राहिलेले श्रुत लुप्त होऊ लागले म्हणूनच. दिगंबर परंपरेत आचार्य धरसेनांनी पुष्पदंत आणि भूतबली यांना ज्ञान दिले आणि षट्खंडागम लिपिबद्ध झाला, त्यामागेही हीच चिंता होती.

संगणकाच्या स्मरणशक्तीचा विषय निघाला आहे तर आपल्या मुंबईचा एक दाखला द्यावासा वाटतो. डॉ. होमी भाभांनी उभारलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा भारतीयांनी घडवलेला संगणक कार्यान्वित झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला हे नाव दिले. त्याची मेमरी २,०४८ शब्दांची होती आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आजच्या मापात ती १० किलोबाइट भरते. १६ जीबीचा लॅपटॉप म्हणजे तिच्या सुमारे पावणेसतरा लाख पट! गंमत अशी की टिफ्रॅकची मेमरी चुंबकीय कड्यांची होती आणि तसल्या कड्या वीज गेल्यावरही विसरत नसत. वेग आणि आकारमान मिळवताना आपण तो एक गुण मागे टाकला.

आता खोलीकडे वळू. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते, लॅपटॉपमधली बहुधा मिनिटाला ५,४०० फेऱ्यांनी, आणि एक सुई हवे ते पान शोधीत धावते. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नाही, सर्व चिपांत. म्हणूनच पाच-सहा वर्षांच्या मंदावलेल्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की तो तरुण झाल्यासारखा वागतो. एसएसडीतही प्रती आहेत. ‘साटा’ प्रकारची सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, ‘एनव्हीएमई’ प्रकारातील साधारणही ३,००० एमबीच्या पुढे जाते. ‘एम.२’ हा शब्द ऐकून मात्र वेगाचा अंदाज बांधू नये. एम.२ हा पट्टीचा आकार आहे. त्या आकारात साटाही मिळते आणि एनव्हीएमईही. अगदी स्वस्त लॅपटॉपांत ‘ईएमएमसी’ असते, ती पेढीच्या कामाला घेऊ नये.

आणि मापाचा प्रश्न. ५१२ जीबी म्हणून घेतलेली एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दाखवते आणि ग्राहक दुकानदाराशी वाद घालतो. येथे कुणी काटा मारलेला नाही. कारखानदार एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो आणि विंडोज १०२४ × १०२४ × १०२४ बाइट, म्हणजे १०७ कोटींहून थोडे अधिक. वस्तू तीच, शेर निराळा.

काय काढता येते, काय नाही

किंमत ठरवण्यापूर्वी एक प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि माझ्या मते तो प्रोसेसरच्या प्रश्नापेक्षा महत्त्वाचा आहे : रॅम काढता-घालता येते, की मदरबोर्डवर डाग देऊन पक्की बसवली आहे? वर्णनात ‘एलपीडीडीआर’ असे लिहिले असेल तर ती जवळजवळ नेहमीच पक्की बसवलेली असते. जे घेतले तेच शेवटपर्यंत. ‘डीडीआर४’ किंवा ‘डीडीआर५’ असेल तर जागा रिकामी आहे का ते विचारावे. डीडीआर४च्या खाचेत डीडीआर५ बसत नाही, हेही ध्यानी असू द्यावे. एसएसडी बहुतेक लॅपटॉपांत बदलता येते. जी वस्तू वाढवता येते ती तीन-चार वर्षे अधिक चालते, घरात जुन्या यंत्रांचा ढीग होत नाही. अपरिग्रहाच्या दृष्टीनेही हे मला पटते.

जुना लॅपटॉप वापरत राहायचे ठरवल्यास एक अडचण मात्र आहे. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षाचिप आणि इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात ते या अटीत बसते की नाही, हे आधी पाहून मगच त्यावर खर्च करावा.

पडद्याविषयी थोडक्यात. इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात, १९२० × १०८० ठिपके म्हणजे फुल एचडी, आणि ‘निट’ म्हणजे उजेड. २५० निटचा पडदा खोलीत चांगला दिसतो, रस्त्याकडे तोंड असलेल्या दुकानात दुपारी डोळे ताणावे लागतात. बॅटरीचे माप ‘वॉट-अवर’ आहे. विक्रेता सांगतो ते ‘तास’ सोडून द्यावेत आणि हा आकडा विचारावा. टाइप-सी हा केवळ तोंडाचा आकार आहे. त्यातून चार्जिंग होईल की नाही, मॉनिटर जोडता येईल की नाही, हे प्रत्येक लॅपटॉपचे वेगळे. चार्जर बदलायची वेळ आल्यास त्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघावे. दोनशे रुपयांचा बिननावाचा चार्जर हजारोंचा मदरबोर्ड जाळू शकतो.

बिल पेढीच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह घ्यावे आणि त्यावर लॅपटॉपचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. कंपोझिशनमध्ये नसलेल्या पेढीला धंद्यासाठी घेतलेल्या यंत्राचे इनपुट क्रेडिट मिळते. मात्र कराच्या त्याच रकमेवर घसारा धरल्यास क्रेडिट मिळत नाही. संगणकावर प्राप्तिकरात घसारा ४० टक्के आहे, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाल्यास त्याच्या निम्माच. ऑक्टोबरचे पहिले दोन-तीन दिवस उलटले की ही मर्यादा ओलांडली जाते. धनत्रयोदशीच्या मुहूर्तावर घेतलेल्या लॅपटॉपला पहिल्या वर्षी २० टक्केच मिळतात. मुहूर्त मोडा असे मी म्हणणार नाही, हिशेब आपला आपण करावा.

खारी हवा

पुण्या-नाशिकच्या लेखकांना जे लिहावे लागत नाही ते आम्हा किनाऱ्यावरच्यांना लिहावे लागते. दांडीच्या घरांत खिडकीचे गज आणि पंख्याचे स्क्रू किती लवकर गंजतात हे सर्वांनी पाहिले आहे. खारट बाष्प लॅपटॉपच्या पंख्यातून आत ओढले जाते आणि मदरबोर्डवरच्या तांब्याच्या रेषांवर, खाचांच्या पिनांवर हिरवट-पांढरा थर धरते. अशा हवेत सर्वांत लवकर बिघडतो तो न वापरलेला लॅपटॉप. रोज चालणारे यंत्र आतून उबदार आणि कोरडे राहते. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवलेले यंत्र ओलावा धरून बसते. ठेवायचेच असेल तर कापडी पिशवी, सिलिका जेलच्या पुड्या आणि आठवड्यातून दोनदा तासभर चालू, हा क्रम ठेवावा. समुद्राकडच्या खिडकीखाली टेबल मांडू नये. वातानुकूलित गाडीतून उतरल्यावर थंड झालेला लॅपटॉप दमट दुकानात लगेच उघडू नये, वीस-पंचवीस मिनिटे थांबावे. आत दव धरते.

किराणा दुकानात पीठ आणि मिरचीपूड, कापडाच्या दुकानात तंतू, आणि सर्वत्र धूप-अगरबत्तीचा धूर. पंख्याच्या जाळीवर याचा नमदा बसतो, यंत्र तापते आणि तापलेला प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. ‘लॅपटॉप म्हातारा झाला’ म्हणून जे आणले जातात त्यांपैकी अनेकांना वर्षातून एकदा पंखा साफ करणे एवढेच औषध लागते. बॅटरी फुगून तळ उचलला गेला असेल तर मात्र साफसफाईच्या भानगडीत न पडता वापर त्वरित थांबवावा.

किल्ली कुणाकडे?

बोईसरच्या एका परिचित पेढीवर गेल्या पावसाळ्यात मदरबोर्ड असाच गंजून गेला. एसएसडी शाबूत होती. मुलाने ती दुसऱ्या लॅपटॉपला जोडली, तर पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली गेली.

“काका, आम्ही तर कुलूप लावलंच नव्हतं,” तो मला म्हणाला.

“अरे, पहिल्या दिवशी लॅपटॉप चालू कोणी करून दिला?”

“दुकानातल्या मुलाने. त्याचंच ईमेल घातलं होतं त्यानं, घाई होती म्हणून.”

विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आपोआप सुरू होते. स्टोरेजमधील सर्व मजकूर कुलूपबंद होतो आणि किल्ली ज्याचे खाते असेल त्याच्या खात्यात जमा होते. लॅपटॉप चोरीला गेला तर हे मोठेच संरक्षण आहे. पण येथे पेढीच्या तिजोरीची किल्ली एका अनोळखी मुलाच्या नावावर गेली होती, आणि तो नोकरी सोडून गावी गेला होता. त्याचा शोध लागून किल्ली मिळेपर्यंत अकरा दिवस गेले. त्या काळातली विवरणपत्राची तारीख चुकली ती चुकलीच.

म्हणून आजच सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ उघडून डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहावे. चालू असल्यास लॅपटॉप कोणाच्या खात्यावर आहे ते तपासावे आणि ती ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून घरच्या तिजोरीत ठेवावी. बँकेत लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागत, तरी ग्राहकाची किल्ली आम्ही कधी कारकुनाच्या खिशात राहू दिली नाही.

आणि बॅकअप. टॅलीचा बॅकअप ‘डी ड्राइव्ह’वर घेतला की निर्धास्त होणाऱ्या पेढ्या मी अनेक पाहिल्या आहेत. बहुतेक लॅपटॉपांत सी आणि डी ही एकाच एसएसडीची दोन कप्प्यांची विभागणी असते. एकाच कपाटाचे दोन खण. कपाट जळाले तर दोन्ही जातात. शिवाय हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी पुष्कळदा खरखर करून सूचना देते, एसएसडी बहुधा अकस्मात मूक होते.

मूडबिद्रीची हकीकत अनेकांना ठाऊक असेल. धवला, जयधवला आणि महाधवला या ग्रंथांची ताडपत्रे शतकानुशतके केवळ तेथेच होती. बाहेरच्यांना दर्शन मिळे, वाचन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्यासारख्या श्रावकांनी मनावर घेतले म्हणून प्रती होऊ लागल्या. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ साली अमरावतीहून धवलेचा पहिला खंड निघाला आणि १९५८पर्यंत सोळा खंड पुरे झाले. ती एकमेव ताडपत्रे एखाद्या आगीत किंवा वाळवीत गेली असती तर आज आपल्या हाती काय राहिले असते? प्रती काढण्याचा तो उद्योग व्यापाऱ्यांनीच आरंभला होता.

पेढीसाठी प्रतीचे गणित सोपे आहे. एक लॅपटॉपमध्ये, दुसरी एक्स्टर्नल डिस्कवर, तिसरी इंटरनेटवरच्या साठ्यात. एक्स्टर्नल डिस्क बॅकअप झाला की काढून घरी न्यावी. लॅपटॉपला कायम जोडून ठेवल्यास खंडणी मागणारा व्हायरस तिलाही गिळतो, आणि दुकानातच ठेवल्यास दुकानाबरोबर तीही भिजते. जीएसटी कायद्याच्या ३६व्या कलमानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. २०२३-२४च्या विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती. त्या वर्षाच्या नोंदी ३१ डिसेंबर २०३०पर्यंत मागितल्या जाऊ शकतात. आजचा लॅपटॉप तोवर टिकेलच असे नाही. म्हणून तीन महिन्यांतून एकदा ती डिस्क दुसऱ्या कुठल्याही संगणकाला जोडावी, बॅकअप ‘रिस्टोअर’ करून पाहावा आणि कोणत्याही एका ग्राहकाचे खाते उघडून शेवटची बाकी वहीशी ताडून घ्यावी.